खालची बाई

भिंगरीच्या आईने त्या संध्याकाळी एवढंच म्हटलं होतं, की त्या माणसाला निदान एक कठडा तरी द्या. पुढे जे काही झालं त्याला तीच कारण, असं घरातले सगळे म्हणतात. पण कुणी शपथेवर विचारलं तरी ती हेच सांगेल, की तिने फक्त कठडा मागितला होता.

माणूस खराखुरा नव्हता. तो टीव्हीच्या पडद्यावर होता, उंचीने नखाएवढा, डोक्याच्या जागी एक चौकोन आणि पायांच्या जागी दोन काड्या. तो तिच्या नवऱ्याने केला होता. एक काळा चपटा डबा, त्यावर रबराची बटणं, मागून एक वायर टीव्हीत आणि दुसरी टेपरेकॉर्डरमध्ये, असं ते यंत्र होतं. त्याला कॉम्प्युटर म्हणायचं. कॅसेट लावली की पत्र्यावर कुणी नखं ओढावीत तसा आवाज सुरू व्हायचा, तो दूध तापून निवेपर्यंत चालायचा, आणि मग पडद्यावर एक इमारत उभी राहायची. तिला मजल्यावर मजले आणि मजल्यामजल्याला शिड्या. अगदी वरती गच्ची, आणि गच्चीवर वाकडा झालेला अँटेना. नखाएवढ्या माणसाने वर जायचं, अँटेना सरळ करायचा. झाला की पडद्यावरच्या मुंग्या जाऊन एक फूल दिसायचं. एवढाच खेळ.

हा खेळ नवऱ्याला कुठून सुचला हे वेगळं सांगायला नको. तो टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, आणि दुरुस्ती टेबलावर कमी, छपरांवर जास्त. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की हा शिडी खांद्यावर टाकून निघायचा. मग कुठल्या तरी उतरत्या छपरावर एका हाताने पाण्याची टाकी धरायची, दुसऱ्या हाताने अँटेना फिरवायचा, आणि खाली ओरडून विचारायचं, आता आलं का. पायाखाली शेवाळ आहे की नाही हे घसरल्यावर कळायचं.

भिंगरीच्या आईला हे लग्नानंतर कळलं. (लग्नाआधी तिला सांगितलं होतं की मुलगा टीव्हीत आहे. ती बिचारी बरेच दिवस बातम्या लक्ष देऊन बघत होती.) तेव्हापासून वारा सुटला की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहायची. तशी ती मुळातच काळजी करणारी. दार लावलं की ओढून बघायची, आणि ओढून बघितल्याचं आठवत नाही म्हणून जिन्यावरून परत यायची. भिंगरी तापली तरी काळजी आणि ताप उतरला तरी काळजी, की एवढ्या लवकर कसा उतरला. पण नवऱ्याचं छपरावर चढणं ही तिची सगळ्यात मोठी काळजी. बाकीच्या काळज्या त्या एका काळजीच्या अंगाखांद्यावर खेळायच्या.

म्हणून एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराने नवऱ्याला तो काळा डबा वापरायला दिला आणि त्याबरोबर एक शब्द दिला, तेव्हा तिला नवसाला देव पावल्यासारखं झालं. दुकानदाराचं म्हणणं असं होतं, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी दुकानात टेबल मांडतो, लोकांनी घरी बनवलेले खेळ गिऱ्हाइकांना खेळू देतो. ज्या खेळाभोवती गर्दी जमेल, तो करणारा माणूस सोमवारपासून माझ्याकडे कामाला. खुर्चीवर बसून.

खुर्चीवर बसून. हे दोन शब्द तिने मनात इतके घोळवले की तिला ती खुर्ची दिसायलाही लागली. खुर्चीला हात होते, पाठीला उशी होती, आणि चारी पाय जमिनीला टेकलेले होते.

तर खेळ चांगला व्हावा असं घरात सगळ्यात जास्त जर कुणाला वाटत असेल, तर ते तिला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणाला ते खरं वाटणार नाही.

पहिल्यांदा खेळ लावला तेव्हा चौघं टीव्हीसमोर बसली होती. नवरा बटणांवर, सासूबाई खुर्चीत, भिंगरी जमिनीवर, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे गॅसवरही लक्ष. माणूस टुणटुणत निघाला. पहिल्या मजल्यावर वरून कुंड्या गडगडत आल्या, त्यावरून त्याने उडी मारली. दुसऱ्या मजल्यावर दोन सज्ज्यांमध्ये मोकळी फट होती, तीही त्याने उडी मारून ओलांडली. तिसऱ्यावर कावळा आला. कावळ्याने डोक्यावर चोच मारली, माणूस शिडीवरून सुटला, सगळे मजले सोडून खाली आला, "ट्यँव" असा आवाज झाला आणि तो आडवा पडला.

भिंगरीच्या आईचा हात तोंडाशी गेला. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात तसाच माणूस पुन्हा उभा.

"हा उठला?" तिने विचारलं.

"हा दुसरा. तीन असतात."

"तीन कशाला?"

"एक पडला की दुसरा खेळायला."

"आणि पडला त्याच्या घरी कोण जाऊन सांगतं?"

नवरा पुन्हा बटणांकडे वळला. सासूबाईंनी मात्र चष्मा चढवला आणि म्हणाल्या, सरक जरा, मला बघू दे. आणि बसल्या त्या बसल्या. ज्या बाईने आयुष्यात मिक्सरचं बटण स्वतः दाबलं नव्हतं, ती त्या रबराच्या बटणांवर अशी बोटं चालवायला लागली की बघत राहावं. माणूस पडला की चुकचुकणं नाही, हळहळणं नाही. "गेला तर जाऊ दे, मागे अजून आहेत," म्हणायच्या आणि पुढच्याला वर धाडायच्या. आपल्या सासूच्या मनाचा हा कोपरा सुनेला आजवर दिसला नव्हता. त्या रात्री तिने नवऱ्याला हळूच विचारलं, की तुम्ही किती भावंडं. (एकुलता एक होता. तिला माहीत होतं. तरी विचारलं.)

इथवरही ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरात फार शांतता झाली. लहान मूल असलेल्या घरात शांतता झाली की आईचं धाबं दणाणतं. ती धावत आतल्या खोलीत गेली, तर कपाटाचे खण खालून वर एकेक बाहेर ओढलेले, त्यांचा जिना झालेला, आणि कपाटाच्या डोक्यावर अडीच वर्षांची भिंगरी उभी. हात पसरलेले. आईकडे बघून ती समजुतीने म्हणाली, "ट्यँव."

आईने झेप घेऊन तिला धरली. मग अर्धा तास ती मुलीला धरून बसली होती, आणि मुलगी सुटायला धडपडत होती.

म्हणून संध्याकाळी तिने कठडा मागितला. मुलगी बघून शिकते, तर निदान चांगलं बघू दे, असा तिचा साधा विचार. नवरा म्हणाला, कठडा लावायचा म्हटलं तर लावता येईल, पण जागा नाही. तिला वाटलं पडद्यावर जागा नाही. तो म्हणाला, पडद्यावर नाही, डब्याच्या आत. या डब्याचं पोट लहान असतं, गावाला जाताना बॅग भरतो तसं. एक वस्तू वाढवायची तर एक काढावी लागते.

बॅग भरणं तिच्या रोजच्या ओळखीचं. ती लगेच म्हणाली, मग कावळा काढा.

"कावळ्यानेच तर मजा येते."

"टीव्ही माझ्या भावाने दिलाय," ती म्हणाली. तिने याहून जास्त काही म्हटलं नाही. टीव्ही होताही भावाचाच, आणि नवऱ्याला रोज संध्याकाळी तो लागत होता.

कावळा गेला, कठडा आला. नखाएवढा माणूस आता कठड्याच्या आतून शहाण्यासारखा चालायला लागला. तिला फार बरं वाटलं. एका दिवसापुरतं. कारण भिंगरीने आजवर कठडा ही वस्तू कधी नीट पाहिलीच नव्हती. ती आता पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्यावर घोड्यावर बसावं तशी सापडली.

मग भिंगरीच्या आईने गादी मागितली. म्हणजे पडलाच माणूस, तर मऊ पडावा. गादीसाठी कुंड्या काढाव्या लागतील असं नवरा म्हणाला. ती म्हणाली, काढाच, कुंड्या कुणी अशा काठावर ठेवतं का, त्या घरातल्या बाईला कळायला नको. कुंड्या गेल्या, गादी आली. माणूस पडला की आता ट्यँव होत नव्हतं, नुसतं "फुस्स" व्हायचं आणि तो उठून बसायचा. भिंगरीने ते पाहिलं, घरातल्या सगळ्या उशा ओढत आणून पलंगाच्या कडेला टाकल्या, आणि पूर्वी ती जिथून घाबरून उतरायची तिथून आता निर्धास्त उड्या टाकायला लागली. एक उडी उशी सोडून पडली. कपाळाला सुपारीएवढं टेंगूळ आलं.

त्या टेंगळाचा नवऱ्यावर फार परिणाम झाला. (परिणाम नीट व्हावा म्हणून तिने नवरा येईपर्यंत भिंगरीचे केस मागे बांधून ठेवले होते.) दिवसभर छपरं चढून आलेला माणूस, त्यात बायको जेवताना बोलतेय, जेवून झाल्यावर बोलतेय, दिवा मालवल्यावर बोलतेय. तो कुठवर टिकणार. त्याने मुकाट्याने सज्ज्यांमधल्या फटी बुजवल्या. फटी नाहीत तर उडी कशाला, म्हणून ती उडीही काढा म्हणाली.

"उडी काढली तर खेळात राहिलं काय?" त्याने विचारलं.

"चालणं," ती म्हणाली. "चालणं तब्येतीला चांगलं."

त्याने उडी काढली. आणि रोज रात्री खेळ जेवढा झाला असेल तेवढा त्याच कॅसेटवर, आधीच्यावरच, तो भरून ठेवत गेला. दोन-दोन ठेवले की आपलाच गोंधळ होतो, हे त्याचं म्हणणं. त्या घरात गोंधळ होऊ नये म्हणून जे जे केलं जायचं, त्यानेच गोंधळ व्हायचा.

रविवार दोन दिवसांवर आला तेव्हा खेळ असा झाला होता. माणूस खालून निघायचा. कठड्याला धरून चालायचा. शिडी चढायचा. पुन्हा चालायचा. गच्चीवर पोचून अँटेनाला हात लावायचा. फूल दिसायचं. वाटेत त्याला कोणी काही करायचं नाही, आणि तोही कोणाला काही करायचा नाही. सासूबाईंनी एकदा खेळून बघितला आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

"हा खेळ आहे की पथ्य?" त्या म्हणाल्या.

 नवरा टीव्हीकडे बघत बसला होता, आणि टीव्हीवर फूल होतं. अशा वेळी शहाण्या बाईने स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावावीत. ती निघालीही होती. पण दारात तिच्या मनात आलं, आणि मनात आलेलं तोंडाशी थांबवणं तिला कधी जमलेलं नाही.

"सगळं छान झालंय," ती म्हणाली. "फक्त खाली लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं."

नवऱ्याने वळून तिच्याकडे पाहिलं.  मग डबा पुढे ओढला आणि बटणं अशी दाबायला लागला की सासूबाईंनी भिंगरीला उचलून आत नेलं. तासाभराने त्याने तिला हाक मारली. "ये. बघ. ठेवली."

पडद्यावर इमारतीच्या पायथ्याशी एक बाई उभी होती. नखाएवढीच, पण कमरेवर दोन्ही हात आणि डोक्यावर अंबाडा. माणूस शिडीच्या चार पायऱ्या चढला की ती "टीं" करून ओरडायची, तिच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत "सावकाश" असं उमटायचं (मराठी अक्षरं त्या डब्याच्या पोटात मावत नव्हती), आणि माणूस निमूटपणे शिडी उतरून खाली यायचा. पुन्हा चढला, पुन्हा टीं. शिवाय नवऱ्याने बाईच्या बाजूला एक शेगडी ठेवली होती आणि शेगडीवर पातेलं. मधूनच पातेल्यातलं दूध वर यायचं. तेव्हा बाई पाठ करून तिकडे वळायची. तेवढ्यात काय चढायचं ते चढून घ्यायचं.

त्याने हे रागाने केलं होतं. पण तिला तो राग दिसलाच नाही. तिला अंबाडा दिसला. पडद्यावरच्या जेमतेम आठ ठिपक्यांच्या जागेत तो बरोबर मागच्या बाजूला, थोडा खाली, ती बांधते तसाच होता. तिचे डोळे भरून आले. एवढ्या कामातही यांच्या लक्षात राहिलं, असं तिला वाटलं, आणि त्या रात्री ती बोललीच नाही.

रविवारी सकाळी नवरा बुटांना पॉलिश करत बसला होता. पॉलिश करता करता, कुणाला म्हणून नाही, तो म्हणाला की मंगळवारपासून गिरणीच्या छपराचं काम निघालंय. तिथे तीन अँटेना बसवायचेत. छप्पर पत्र्याचं आहे.

"पण आता तुम्ही खुर्चीवर," ती म्हणाली.

"कोण घेणार हा खेळ?" तो म्हणाला. "लहान मुलाच्या हातात दिला तरी ते रडेल."

तो चिडून बोलला असता तर तिने वाद घातला असता. तो बुटांकडे बघून बोलला. तेव्हा तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पडद्यावरच्या चौकोनी डोक्याच्या माणसाला तिने कठडा दिला, गादी दिली, फट बुजवून दिली, आणि त्यापायी आपला माणूस पत्र्यावर चढणार.  ती म्हणाली, कावळा परत घाला. कुंड्या घाला. हवं तर दोन कावळे घाला.

त्याने कॅसेट तिच्या हातात दिली. तीत पथ्य होतं आणि अंबाड्याची बाई होती. कावळा कुठेच राहिला नव्हता.

कॉम्प्युटरच्या दुकानात ती भिंगरीला कडेवर घेऊन एका बाजूला उभी राहिली. मागे रिकाम्या खोक्यांची चळत होती. टेबलावर दोन टीव्ही मांडलेले. एकावर कुणा बँकेतल्या क्लार्कने केलेला विमानं पाडायचा खेळ चालू होता आणि तिथे नुसता धडामधुडूम. दुसऱ्यावर पत्र्याचा आवाज होऊन इमारत उभी राहिली. तिथे कोणी नव्हतं. बऱ्याच वेळाने एक बस कंडक्टर, ड्युटी संपवून घरी निघालेला, खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसला. पाय दुखतात म्हणाला.

त्याने माणसाला चालवलं, शिडीवर घातलं. टीं. माणूस खाली.

"हे काय?" कंडक्टर म्हणाला.

"खालची बाई," नवरा पुटपुटला. "ती बघत असली की चढता येत नाही."

कंडक्टरने पुन्हा चढवला. टीं. पुन्हा चढवला, पुन्हा टीं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. शेजारच्या टीव्हीपाशी उभा असलेला एक दातांचा डॉक्टर मान वळवून बघायला लागला. दूध वर आलं, बाई वळली, "चढा, चढा आता," डॉक्टर म्हणाला, कंडक्टर दोन मजले सपासप चढला, आणि बाईने वळून पाहिलं. टीं. दोन्ही मजले गेले.

"काय बाई आहे," कंडक्टर म्हणाला.

त्यानंतर काय झालं ते तिला नीट सांगता येत नाही. कंडक्टर उठेना म्हणून डॉक्टरने दुसरी खुर्ची ओढली. डॉक्टर खेळताना मागे माणसं गोळा झाली. विमानांचा धडामधुडूम हळूहळू थांबला, कारण तिथलीही माणसं इकडे आली, शेवटी तो बँकेतला क्लार्कसुद्धा. सगळे श्वास धरून त्या दुधाकडे बघत होते. बाई वळली की सगळे पुढे झुकायचे, टीं झालं की सगळे मिळून करवादायचे. कोणी म्हणालं हिला आधी काढा. कोणी म्हणालं आमच्या ऑफिसात आहे अशी, हेडक्लार्क. डॉक्टर म्हणाला, माझ्याकडे रोज येते, पेशंटची आई म्हणून, आणि पेशंट पंचेचाळिशीचा असतो. एक पोक्त गृहस्थ नुसता घाम पुसत होते. आणि या सगळ्यांच्या मागे भिंगरीची आई उभी होती, आणि तिने हळूच हात मागे नेऊन अंबाडा सोडून केसांची वेणी घालायला घेतली. त्यासाठी भिंगरीला तिने खाली ठेवलं.

दुकानदार गर्दीवरून पलीकडे बघत आनंदाने फुगला होता. त्याने तिला पाहिलं. म्हणाला, वहिनी, घरचा खेळ आहे, तुम्हाला येतच असेल, दाखवा बघू यांना वर जाऊन. ती नको नको म्हणत असताना लोकांनी वाट करून दिली. ती बसली. आजवर तिने त्या बटणांना पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता.

माणूस निघाला. चार पायऱ्या चढला. टीं. सावकाश.

तिने पुन्हा चढवला. टीं. सावकाश.

मागची माणसं आणखी पुढे सरकली. तिचे कान तापले. एवढा कठडा आहे, तिच्या मनात आलं, खाली गादी आहे, एकही फट नाही, कावळा नाही, कसली भीती आहे हिला. नवऱ्याची नोकरी इथे टांगलेली आणि ही चार पायऱ्या चढू देत नाही. तिने दूध येण्याची वाट पाहिली, ते आलं, बाई वळली, हिने जोरात बटण दाबलं, माणूस पहिल्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर पोचला, आणि टीं.

"अगं गप बस गं बाई, चढू दे की त्याला," भिंगरीची आई म्हणाली. मोठ्याने म्हणाली. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

आधी कोणी हसलं नाही. मग नवरा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, टेबलाला धरून. मग बाकीचे. आणि तेवढ्यात कंडक्टरने वर बोट दाखवलं. खोक्यांच्या चळतीच्या टोकावर, दुकानाच्या छताला डोकं टेकेल अशी, भिंगरी उभी होती. खालची खोकी डुलत होती.

 आई उठली, कमरेवर हात गेले ते तिलाही कळलं नाही, आणि ती म्हणाली, "भिंगरे, उतर. सावकाश. पडशील."

भिंगरीने वरून तिच्याकडे नीट पाहिलं.

"गप बश गं बाई," ती म्हणाली.

डॉक्टरने तिला खाली उतरवलं. तो उंच होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. लोक एकदा आईकडे बघत होते आणि एकदा पडद्यावरच्या बाईकडे. आता अंबाडा असला काय आणि वेणी असली काय.

सोमवारी नवरा कॉम्प्युटरच्या दुकानात खुर्चीवर बसला. गिरणीच्या पत्र्यावर दुसरं कोणी चढलं. (त्याच्या घरच्यांची काळजी करायला तिने दोन दिवस घेतले.) खेळाच्या कॅसेटी विकल्या जायला लागल्या. कॉम्प्युटरवाल्यांचं एक मासिक निघायचं, त्यात खेळांची परीक्षणं यायची. त्यात याही खेळाबद्दल चार ओळी आल्या. सासूबाईंनी त्या चष्मा लावून सगळ्यांना वाचून दाखवल्या. इमारत साधी आहे, असं लिहिलं होतं, माणूस त्याहून साधा आहे, पण खालच्या बाईसारखा भयंकर शत्रू आजवर कुठल्याही खेळात आला नाही. दोष एकच. बाई बंद करायची सोय ठेवलेली नाही.

"ती सोय घरातही नाही," सासूबाई मासिक मिटत म्हणाल्या.

तिने मनाला लावून घेतलं नाही. माणूस जमिनीवर होता, बाकी काय म्हणायचं ते म्हणा. तिची झोप सुधारली. वारा सुटला तरी ती आता नुसते वाळत घातलेले कपडे आत घ्यायची.

असाच मोठा वारा सुटून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा चष्मा घरी विसरला, म्हणून ती तो द्यायला दुकानात निघाली. दुकान बसथांब्यासमोरच. लांबूनच तिला शिडी दिसली. दुकानाच्या भिंतीला लावलेली, थेट गच्चीपर्यंत. दुकानदार शेजारी उभा राहून सांगत होता, की गच्चीवरचा अँटेना रात्री वाकडा झालाय, एकाही टीव्हीवर मुंग्यांशिवाय काही दिसत नाही, आणि या कामातलं कळणारा माणूस दुकानात एकच आहे. त्या एका माणसाचा एक पाय शिडीवर होता.

तिने आरडाओरडा केला नाही. ती शिडीच्या पायथ्याशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला.  त्याने पुन्हा पाय ठेवला. "सावकाश," ती म्हणाली. त्याने पाय खाली घेतला.

तेवढ्यात थांब्यावर बस लागली. दारात तोच कंडक्टर. त्याने शिडी पाहिली, शिडीखालचा माणूस पाहिला, आणि कमरेवर हात ठेवलेली बाई पाहिली. त्याने घंटी वाजवलीच नाही. खिडक्यांमधून एकेक डोकं बाहेर यायला लागलं. कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसून म्हणालं, तीच, तीच.

"वहिनी," कंडक्टरने दारातूनच हाक मारली, "दूध उतू जातंय."

घरी गॅस बंद होता. दूध तापवून, निववून, तिने स्वतः झाकून ठेवलं होतं. निघताना बटण दोनदा बघितलं होतं आणि दार ओढून बघायला जिन्यावरून परत गेली होती. शिवाय घर तिथून दोन गल्ल्या लांब होतं.

तरी ती वळली.

परत बघते तर शिडी रिकामी, नवरा गच्चीवर, आणि अख्खी बस टाळ्या वाजवतेय.